पूर्ण वर्ग येत नाही

माझे पाय एका जागी राहत नाहीत. जेवायच्या टेबलाशी बसले की ते खाली हलायला लागतात, वाटीतली आमटी थरथरते आणि सून म्हणते, "आई, भूकंप." दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली तेव्हा घरच्यांना वाटलं होतं, आता तरी ही बाई शांत बसेल. कसली बसते! साताऱ्यातल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी दिवसभर गॅलरी ते स्वयंपाकघर अशा खेपा घालत असते आणि कुकरच्या शिट्ट्यांवर लक्ष ठेवल्याचं निमित्त सांगते. आईनं मला लहानपणीच 'पायाला भिंगरी बांधूनच आलीय' असं ठरवून टाकलं होतं. त्या भिंगरीमुळे आणि शाळेतल्या एका शब्दामुळे माझं शिक्षण थांबायची वेळ आली होती. तो शब्द होता 'वर्ग'. साधाच शब्द, पण मराठीनं त्याला दोन घरी नांदवलंय, आणि त्या दोन घरांच्या मधल्या बोळात मी सापडले.

माझं गाव म्हसवड. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत होते, वर्षातून एकदा यायचे. आई दोन धाकट्या भावांना आणि शेरडांना सांभाळून रोजगाराला जायची. त्या साली माण तालुक्यात पावसानं तोंडच दाखवलं नाही. शेरडं लांब न्यावी लागायची आणि ती न्यायला घरात मीच होते, त्यामुळं शाळा बुडायची. दहावी तोंडावर आली तेव्हा आबांची थोरली बहीण, माझी आत्या, सांगलीजवळच्या माधवनगरहून आली आणि आईला म्हणाली, "हिला माज्याकडं दे. मला तरी कोन हाय?" आत्याला मूलबाळ नव्हतं. आईनं एका पिशवीत माझे दोन परकर-पोलके आणि दुसरीत हुलगे भरून दिले, आणि मी सांगलीच्या गाडीत बसले. आबांना हे नंतर कळलं. त्यांनी हो म्हटलं, पण ते हो मनापासून नव्हतं, हे पुढं दिसलंच.

म्हसवडात दुपारी एखादी शेळी खोकली तरी गल्लीभर ऐकू जायची. माधवनगरात उलट होतं. आत्याचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रा, आणि मागच्या भिंतीला लागूनच शेजाऱ्यांची मागाची शेड. खटाक्-खट, खटाक्-खट, सकाळपासून दिवेलागणीच्या पुढंपर्यंत. भिंतीवरचा आरसा त्या तालावर बारीक कापायचा, फळीवरच्या पितळ्या एकमेकींना चाटून वाजायच्या, पाणी भरून ठेवलेल्या तांब्यात गोल गोल वळ्या उठायच्या. हवेत सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास असायचा, तो भाकरीलाही लागायचा. सुरुवातीला मला त्या आवाजात झोप लागायची नाही. नंतर सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की लागायची नाही. माझ्या पायांना मात्र त्या घरात पहिल्या दिवसापासून सोबती मिळाला. मी अभ्यासाला बसले की माग आणि माझे पाय एका चालीत चालायचे.

आत्या घरबसल्या कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसवायची लाकडी नळी, तिच्यावर सूत गुंडाळायचं. एका हातानं रहाट फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून सूत सोडायचं, आणि तोंडानं माझ्याशी बोलायचं, अशी तिची तीन कामं एकदम चालत. भरलेल्या कांड्या ती एका मोठ्या टोपलीत ठेवायची आणि मागवाल्यांना द्यायची. आत्याचे यजमान मिलमध्ये होते. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, तसे ते माझे मामा. अतिशय सज्जन माणूस, पण मागांच्या दणदणाटात उभं आयुष्य गेल्यानं कान निम्मे गेलेले. मिलमधले लोक एकमेकांचे ओठ बघून बोलणं ओळखतात. मामा घरीही तेच करायचे, आणि जे दिसलं नाही ते अंदाजानं भरून काढायचे. भरून काढलेलं मात्र ते सगळ्यात मोठ्यानं सांगायचे.

शाळेत माझं सगळं बरं चाललं होतं, बीजगणित सोडून. सरांनी वर्गसमीकरणं शिकवायला घेतली आणि त्यात 'पूर्ण वर्ग' नावाचा प्रकार निघाला. एक्सचा वर्ग अधिक सहा एक्स, अशी काहीतरी अपुरी राशी द्यायची आणि तिच्यात तिसरं पद असं मिळवायचं की सगळं मिळून एकाच कंसाचा वर्ग व्हावा. सरांनी फळ्यावर लिहून एक चाल लावून दिली होती, "सहगुणकाचं निम्मं, निम्म्याचा वर्ग." म्हणजे सहाचं निम्मं तीन, तिनाचा वर्ग नऊ, नऊ मिळवा. पोरं सुरात म्हणायची, मीही म्हणायचे. पण पेन हातात घेतलं की निम्म्यापर्यंत जायचे आणि मला पुढची घाई व्हायची. तीन मिळवून मोकळी. पहिल्या उदाहरणात दोन एक्स होते, दोनाचं निम्मं एक आणि एकाचा वर्गही एकच, त्यामुळं माझं उत्तर बरोबर आलं होतं आणि आपल्याला हे येतं असा माझा भलताच समज झाला. सहा एक्सला मी तोंडावर आपटले. सर रागवायचे नाहीत, फार बोलायचेही नाहीत. माझ्या बाकाशी येऊन दोनच शब्द म्हणायचे, "शालन, पाय." मग मी पाय थांबवायचे आणि पाय थांबले की डोकंही थांबायचं.

शाळा सुटली की मी सरळ घरी जायचे नाही. दिवसभर बाकावर बसून अंगात मुंग्या भरलेल्या असायच्या, त्या झाडायला मी मिलच्या लांबच लांब भिंतीला वळसा घालून, रेल्वेच्या रुळापर्यंत जाऊन मग घरी यायचे. एकटीच, तरातरा. त्याचं मला आजही काही वाईट वाटत नाही. पण पंधरा वर्षांची पोरगी अशी फिरताना लोकांना दिसते, आणि लोक ते लक्षात ठेवतात.

दिवाळी होऊन गेल्यावर कधीतरी सर मामांना मिलच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर भेटले. सर म्हणाले, "तुमच्या शालनला पूर्ण वर्ग येत नाही. घरी जरा बसवा." पाळी सुटल्याची वेळ, गर्दी, चहावाल्याचा स्टोव्ह फरफरतोय. मामांना त्यातलं 'शालन', 'पूर्ण वर्ग' आणि 'येत नाही' एवढं दिसलं. बाकीचं त्यांनी भरून काढलं. घरी येऊन दारातूनच आत्याला म्हणाले, "आगं, ही पोरगी पुरा वर्ग बसत न्हाई म्हनं! निम्म्यातनंच जाती!" मी तेव्हा घरी नव्हते, रुळाकडं गेले होते. आत्यानं मला काही विचारलं नाही. ती भित्री होती, लोकाची पोर आपल्याकडं राहिलीय आणि हिला काही विचारलं तर ही रुसून जाईल, एवढीच तिची धास्ती. तिनं गोष्ट पोटात ठेवली. मामांच्या पोटात मात्र काही राहत नसे.

आबा रजेवर आले ते आधी म्हसवडला आणि परत जाताना मिरजेहून गाडी धरायची म्हणून शेवटचे दिवस माधवनगरला. ते आले की घराची चालच बदलायची. पाणी सकाळी भरून व्हायचं, चपला दाराशी रांगेत लागायच्या, मामासुद्धा हळू बोलायचा प्रयत्न करायचे. आबांनी येताना माझ्यासाठी लाल रंगाची लोकरी टोपी आणली होती. माधवनगरच्या उकाड्यात ती घालून मी दिवसभर मिरवले. मी त्यांच्याभोवती नुसती घिरट्या घालत होते. वर्षभर साठलेलं सगळं एकदम सांगायचं होतं आणि नेमकं काही सुचत नव्हतं. त्याच दिवशी संध्याकाळी मामांनी त्यांना अंगणात घेऊन 'पुरा वर्ग' सांगितला. दुसऱ्या दिवशी आबा मला न सांगता शाळेत गेले.

तिथं काय झालं ते मला पुढं दोघांकडूनही ऐकायला मिळालं, म्हणून सांगू शकते. मधली सुट्टी होती, व्हरांड्यात पोरांचा कल्ला. आबांनी सरांना नमस्कार केला आणि विचारलं, "शालन येत न्हाई, हे खरं?" सर म्हणाले, "खरं आहे. दिवाळीपासून सांगतोय मी." आबांनी विचारलं, "मंजे आजिबातच न्हाई?" सर म्हणाले, "तसं नाही. पहिल्याला ठीक, दुसऱ्याला ठीक. तिसऱ्याला चुकते." सर पदांबद्दल बोलत होते, आबांना तास ऐकू आले. तिसरा तास ही पोरगी चुकवते! हजेरीपट बघू द्या, असं ते म्हणाले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण शेजारी दुसरे मास्तर उभे होते आणि आबांना आपल्या पोरीची गैरहजेरी चारचौघांत उघडी करायची नव्हती. त्यांनी मान खाली घातली आणि आले. फौजेत गैरहजर राहणं म्हणजे काय, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

हल्ली माझ्या नातीच्या क्लासमधून तिच्या आईला मोबाइलवर मेसेज येतो, आज तुमची मुलगी हजर, आज गैरहजर. सून तो वाचते, पोरगी वैतागते, दोघींचं भांडण होतं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत मिटतं. मला त्या मेसेजचा राग येत नाही. आमच्या वेळी तो मेसेज मामांच्या तोंडून यायचा, एवढाच फरक.

मी शाळेतून आले तेव्हा आबा भिंतीला पाठ टेकून बसले होते. आत्याचा रहाट बंद होता. मामा नुकतेच पाळीवरून येऊन पाय धूत होते. मी दप्तर ठेवलं न ठेवलं तोच आबांनी विचारलं, "शाले, तिसऱ्याला काय करतीस तू?"

मला वाटलं, सरांनी यांना बीजगणिताचं सांगितलं. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. मी म्हणाले, "तिसऱ्याला माजं चुकतंय, आबा. निम्मं करते आन् वर्ग ऱ्हातो."

"का ऱ्हातो?"

"ध्यानातच येत न्हाई. इसरते."

"वर्ग इसरतीस?" आबा आत्याकडं वळले. "आक्का, ऐकलंस? शाळंत घातलेली पोरगी वर्ग इसरती म्हनं! आन् निम्मं झालं की कुठं जातीस गं?"

"फुडच्या गनिताकडं."

आबांना वाटलं, मी त्यांची टर उडवतेय. ते उठून उभे राहिले. त्यांनी मला कधी हात लावला नव्हता, त्या दिवशीही लावला नाही, पण आवाज असा आला की मामांनासुद्धा स्वच्छ ऐकू गेला. "बास झालं शिक्षान. सकाळच्या गाडीनं म्हसवड. शेरडं राख, आईच्या नदरंफुडं ऱ्हा."

आत्या रडायला लागली. मी तशीच उभी होते आणि माझे पाय मागाच्या चालीत हलत होते. 'वर्ग इसरती', 'निम्मं झालं की', 'कुठं जातीस', हे सगळं एकेक करून माझ्या डोक्यात जागेवर बसत गेलं आणि मी किंचाळले, "आवं आबा, पूर्ण वर्ग मंजे वर्गाला येनं न्हवं! ते गनित हाय! ते मला येत न्हाई!"

मामा ओले पाय घेऊन आत आले. "गनित? सर तर म्हनलं, पुरा वर्ग येत न्हाई. जे ऐकलं त्येच सांगितलं म्या."

"मी रोज जाते, आबा. सिद्धनाथाची आन."

"देवाला मदी घेऊ नगंस," आबा म्हणाले. पण त्यांचा आवाज खाली आला होता.  मग म्हणाले, "रोज वर्गात बसतीस नव्हं? मग त्यो तुजा पूर्ण वर्ग दाव करून. बसली आसशील तर यील."

ही चांगलीच पंचाईत झाली. मला ते येत नव्हतं म्हणून तर हे सगळं रामायण झालं होतं, आणि आता ते आलं तरच मी खरी ठरणार होते. मला भयंकर राग आला. सरांचा नाही, मामांचाही नाही, आबांचा. वर्षभर ज्यांची वाट बघितली त्या माणसानं माझ्या तोंडाकडं न बघता दुसऱ्याच्या अर्ध्या वाक्यावर भरवसा ठेवावा, हे मला फार लागलं. त्या रागातच मी आत्याची कांड्यांची टोपली ओढली आणि जमिनीवर बसले. वहीवर एक्स लिहून आबांना काही कळणार नव्हतं. त्यांना जे कळत होतं ते मांडायचं, एवढंच मला सुचलं.

"ही तुमची मानसं समजा," मी म्हणाले आणि जाड बुडावर उभ्या करत कांड्या मांडल्या, चारच्या चार रांगा. "ह्यो एक्सचा वर्ग. एक्स मंजे कितीबी, मी चार धरलं. आता सहा रांगा नव्या आल्या, चार-चार जनांच्या. ह्ये सहा एक्स." त्या सहाही रांगा मी एका बाजूला लावल्या. आत्याच्या पलंगाखालपर्यंत लांबलचक शेपूट गेलं.

आबा उकिडवे बसले. "ही काय परेडची फालीन झाली?" त्यांना राहवेना. "लांबडं कशाला करतीस?"

"चौकोन करायचाय. सगळ्या बाजू सारख्या."

"मग एका अंगाला का घालतीस सगळी? तीन रांगा उजव्या हाताला, तीन मागं."

मी तीन रांगा उचलून मागं लावल्या आणि हात तसाच राहिला. सहाचं निम्मं. इतके महिने मी जे 'निम्मं' सुरात म्हणत होते ते दोन बाजूंना वाटून द्यायचं होतं, म्हणून निम्मं! एवढं साधं मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी तेव्हा पुढच्या गणिताकडं धावत असेन.

"कोपरा उघडा हाय," आबा म्हणाले.

खरंच होता. उजवीकडच्या आणि मागच्या रांगांच्या मधोमध एक चौकोनी खिंडार पडलं होतं. "हितं मिळवायची," मी म्हणाले आणि सवयीनं तीन कांड्या उभ्या केल्या. त्या तिथं एका कडेला अशा उभ्या राहिल्या, जशी थांब्यावर गाडीची वाट बघणारी माणसं.

"तिघांत भागलं व्हय?" आबांनी विचारलं.

मी टोपलीत हात घातला. आणखी तीन ठेवल्या. आणखी तीन. खिंडार बुजलं. तीन रांगा, रांगेत तीन. नऊ. तिनाचा वर्ग. जो वर्ग मी विसरत होते तो हा, इथं कोपऱ्यात होता, आणि तो भरल्याशिवाय सातच्या सात रांगांचा हा सगळा चौकोन होतच नव्हता. मी आबांकडं बघितलं. ते ओठ न हलवता कांड्या मोजत होते.

"आन् ही नऊ आनलीस कुठनं?"

"टोपलीतनं."

"परीक्षेत टोपली न्हेनार हाईस?"

"न्हाई. मिळवलं तेवढं परत वजा करायचं आसतं. न्हाईतर किंमत बदलती."

आबांनी मान हलवली. "बराबर हाय. दुसऱ्या पलटनीतनं मानसं मागून आनली तर काम झाल्यावर धाडाय लागत्यात." मग त्यांनी माझ्याकडून आणखी तीन मांडण्या करून घेतल्या, आठ रांगांची, चारची, दहाची. दहाच्या वेळी कांड्या कमी पडल्या तेव्हा कोपऱ्यात किती लागतील ते मी तोंडानं सांगितलं, पंचवीस. दारातून मामा ओरडले, "सूत सोडू नगासा रं, उद्या द्याच्यात त्या!" आणि आत्या डोळे पुसत म्हणाली, "पाय थांबलं बग हिचं." मी खाली बघितलं. थांबले होते.

नातीनं मागं मला मोबाइलवर हेच गणित रंगीत चौकोनांनी हलवून दाखवलं. छान आहे, कोपराही चकाकतो. मी तिला म्हटलं, आमच्या कोपऱ्याला खळीचा वास यायचा. ती "काय आजी" म्हणाली आणि पुढचा व्हिडिओ लावला. तिच्याही पायाला भिंगरी आहे, ती फक्त अंगठ्यात उतरलीय.

त्या संध्याकाळी आत्यानं आईनं पाठवलेल्या हुलग्यांचं माडगं केलं, आबांना आवडतं म्हणून. वर लसणाची फोडणी, सोबत शाळूची भाकरी. आम्ही चौघं गोल करून बसलो. आबा फुर्र करत पीत होते. म्हसवडच्या गाडीचं कुणी नाव काढत नव्हतं, आणि गणित आलं तरी निकाल लागला नव्हता. आबांनी वाटी खाली ठेवली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "शाले, माजंबी तुज्यावानीच झालं. निम्मं ऐकलं आन् थांबलो. फुडचं तुला इचारायचं ऱ्हायलं." मग आत्याला म्हणाले, "आक्का, ही हितंच ऱ्हाईल. परीक्षा हुईस्तवर, आन् त्याच्या फुडंबी शिकती म्हनली तर फुडंबी." माझा राग लगेच गेला असं नाही. पण त्या काळी कुणाचा बाप पोरीसमोर आपली चूक बोलून दाखवत नसे. माझ्या बापानं दाखवली. मी रडले ते माडग्यात पडलं आणि मी ते तसंच प्याले.

आबांची रजा संपली. मिरजेच्या स्टेशनवर त्यांना पोचवायला मी आणि मामा गेलो. फलाटावर चहावाल्यांची ओरड, हमालांची धावपळ, आणि मी लोकरी टोपी घालून खिडकीच्या गजाला धरून एका पायावरून दुसऱ्या पायावर.  आबांनी आतून विचारलं, "शाले, तिसऱ्याला काय करायचं?"

"निम्मं. मग निम्म्याचा वर्ग."

"आन् मिळवल्यालं?"

"परत वजा," मी म्हणाले, आणि गाडी हलली. गज हातातून सुटेपर्यंत मी तिच्याबरोबर चालले, मग पळाले, मामा मागून हाका मारत होते तरी फलाट संपेपर्यंत पळाले.

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते आणि मागच्या भिंतीतून खटाक्-खट चालू होतं. आत्यानं तोवर सवयीनं चार ताटं मांडली होती. एक मी उचललं आणि परत फळीवर ठेवलं.